उष्टी पितळी

माझ्या भावाच्या तोंडाला वास यायचा. हे एवढं साधं वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, आणि मीसुद्धा ते आज, सत्तरी दाराशी आलेली असताना, पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. दादा जाऊन दीड वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हेही मला कुणी शिकवलेलं नाही; तरी पेन उचललं की ते आतून कुणीतरी दटावतंच. पण या प्रकरणात मला त्या आतल्या दटावणाऱ्याबद्दलच सांगायचं आहे, तेव्हा सुरुवात वासापासूनच करायला हवी. त्याच्या हिरड्या सुजलेल्या असत. दातांच्या मुळाशी पिवळा पू धरलेला, त्यावर तंबाखूचा काळा थर. पंचविशीतला गडी, रुंद छातीचा, दिसायला चारचौघांत उठून दिसणारा. पहाटे दुधाच्या दोन कॅन सायकलला अडकवून कुरवंड्याहून लोणावळ्यात जायचा, बंगल्यांना आणि हॉटेलांना रतीब घालायचा आणि उन्हं चढायच्या आत परत यायचा. त्याने तोंड उघडलं की गोठ्यात मेलेल्या उंदराचा येतो तसा वास यायचा. आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर बसून हसत-बोलत असायचो.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. मागे नागफणीचा सुळका, समोर भाताची खाचरं, आणि वारा पडला की घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांची धाप थेट चुलीपर्यंत ऐकू यायची. आबा, आई, दादा आणि मी. आम्ही घरचे चार, पण पितळ्या दोनच. म्हणजे काठाच्या मोठ्या पितळी थाळ्या, चिंच लावून घासल्या की सोन्यासारख्या दिसणाऱ्या. एक आबांची, एक दादाची. दुपारी आबा आणि दादा माजघरात भिंतीला पाठ लावून बसत. आई तव्यावरची तांदळाची भाकरी पदरात झेलून आणायची, गरम कोरड्यास वाढायची, आणि ते जेवेपर्यंत खांबाशी उभी राहायची. आबा उठताना अर्धी भाकरी, थोडा भात, कालवणाचा घोट असं मुद्दाम ठेवायचे. मग आई त्यांच्याच पितळीशी बसायची. तिने वर वाढून घेतलेलं आणि आबांनी ठेवलेलं, दोन्ही एकत्र कालवून ती जेवायची. दादाच्या पितळीशी मी बसायचे. बायकांसाठी वेगळी ताटं नव्हती असं नाही. फडताळात जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, चार थाळ्या उपड्या घातलेल्या असत. त्या पाहुण्यांच्या.

हे कुणी शिकवलं? मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे शिकवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आणि मी शपथेवर सांगते, हे मला कुणी शिकवलं नाही. 'पुरुषाच्या उष्ट्यात जेव' असं आई कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर कदाचित एखादे दिवशी मी 'का?' असं विचारलं असतं. जे बोललंच जात नाही त्याला का कसं विचारणार? उलट मला त्या पितळीचा अभिमान होता. शेजारच्या मुलींना मी सांगायचे, आमचा दादा माझ्यासाठी मटणातली नळी ठेवतो. नळी तो ठेवायचा खरा. चोखून ठेवायचा. ती मी पुन्हा चोखायचे. आणि मला वास यायचा का? नाही यायचा. हेच मला आज सगळ्यात भयंकर वाटतं. नाक माझं होतं, शाबूत होतं, म्हशीचं दूध नासायला लागलेलं मला दारातून कळायचं. पण त्या एका वासापुरतं कुणीतरी माझं नाक बंद करून ठेवलं होतं, आणि बंद आहे हेही मला माहीत नव्हतं.

मग मालन वहिनी आली. तिचं माहेर घोरावाडी स्टेशनजवळचं. वडील रेल्वेत खलाशी, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. सातवी झालेली, अंगाने किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्या घरी बाप, आई, तीन बहिणी सगळे गोल करून एकदम जेवायला बसत आणि ज्याची त्याची थाळी ज्याला त्याला घासावी लागे, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला ते ऐकून तिची कीव आली होती. बिचारीच्या घरात काही रीतभात नाही, असं वाटलं होतं.

पूजा-गोंधळ उरकून पाहुणे गेले त्या दिवशी ती पहिल्यांदा घरची म्हणून जेवायला बसली. दादा उठला. पितळीत भाकरीचा दाताने तोडलेला तुकडा होता, भात होता, आणि चावून बाजूला टाकलेली शेवग्याची शेंग होती. आईने मान नुसती हलवली. मी जर्मनची एक थाळी घेऊन बाजूला सरकले. माझी जागा आता वहिनीची झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. वहिनी पितळीशी बसली. वाकली. मग उठली, पितळी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली, आणि आम्हाला पाण्याचा आवाज आला. ती पितळी धुऊन, पुसून, हसऱ्या चेहऱ्याने परत आली आणि स्वतःला वाढून घेऊन जेवू लागली.

आई काही बोलली नाही. आई कधीच काही बोलायची नाही. पण दुसऱ्या दिवशी दादा जेवून उठल्यावर आईने कालवणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं, भाकरीची टोपली उचलून आत नेली, आणि चुलीतला विस्तव ओढला. वहिनी धुतलेली पितळी घेऊन आली तेव्हा वाढून घ्यायला काही नव्हतं. आई परसात शेजारच्या मावशीशी बोलत होती, आवाज जरा चढवून.

"आमची सून शिकल्याली हाय बाई. लय सोवळी हाय."

बस. एवढंच. तिसऱ्या दिवशी वहिनीने पितळी धुतली नाही. ती जेवताना श्वास रोखून धरायची. घास गिळायचा, मग तोंड बाजूला करून श्वास घ्यायचा, मग पुन्हा घास. तिच्या गळ्याची शीर ताणलेली मला दिसायची. आणि तिच्याकडे बघता बघता एके दिवशी, कसं ते मला सांगता येणार नाही, मला वास आला. मी दादाचा तांब्या उचलून पाणी प्यायले, आणि तो वास माझ्या टाळूपर्यंत गेला. मी तांब्या खाली ठेवला, आणि वहिनीने ते पाहिलं. चौदा वर्षं मी काय काय गिळलं होतं ते एकदम पोटातून वर आलं. पण वहिनीबद्दल मला जवळीक वाटली असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. मला तिचा राग आला. हिनेच हा वास आमच्या घरात आणला, असं मला वाटलं.

आखाड लागला. श्रावणापूर्वीचा शेवटचा रविवार, म्हणून आबांनी मटणाचा वाटा आणला. सकाळपासून घरात वाटणाचा खमंग वास होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि दादा खुशीत होता. त्याने त्या दिवशी वहिनीसाठी पितळीत चांगले चार तुकडे ठेवले. प्रेमानेच ठेवले. एक-एक तोंडात घालून, मऊ आहे का ते बघून, परत काढून ठेवले. कडक लागलेले तो स्वतः खात होता. मी हे समोर बसून पाहत होते. त्या तुकड्यांना त्याच्या हिरडीचं गुलाबी रक्त लागलेलं होतं. वहिनीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तोंडावर पदर दाबून ती मागच्या दाराने धावली. मी मागोमाग गेले. उकिरड्याच्या कडेला पावसात उकिडवी बसून ती ओकत होती, आणि ओकणं संपल्यावर नखांनी स्वतःची जीभ खरवडत होती.

आई दारात आली. तिने वहिनीकडे पाहिलं, आणि तिचा सगळा चेहरा उजळला. इतकी हसलेली आई मी क्वचितच पाहिली असेन.

"आगं माजे बाय! कवापास्नं?"

वहिनीला कळेना. आईने तिला हाताला धरून उठवलं, पदराने तोंड पुसलं.

"कावळा कदी शिवलाता शेवटचा?"

"दिवस वर गेलेत, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "आठ-दहा दिवस."

एवढंच खरं होतं, आणि तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत आळीत साखर वाटून झाली. सुनेला मुलाच्या उष्ट्याची शिसारी येऊ शकते, ही गोष्ट आईच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. बाई ओकली म्हणजे पोटुशी. दुसरं काही असूच शकत नाही. वहिनीने तेव्हा काय सांगायला हवं होतं? मी कितीदा तरी विचार केला आहे. ती बोलली असती तरी कुठल्या शब्दांत बोलली असती?

चार दिवसांनी आईने तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "काय खावं वाटतंय, सांग. लाजू नगंस. डोहाळा मारू न्हाई."

वहिनी खाली बघून म्हणाली, "खायचं असं काही नाही, आत्याबाई. वेगळ्या ताटात, एकटीने बसून जेवावं असं वाटतंय."

मी दारात तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले. आई आधी चमकली आणि मग खो-खो हसली.

"बया बया! डोहाळा का काय ह्यो! मानकरी येतुया बग पोटाला, आत्तापास्नं ताट मागतुया!"

आणि तिने फडताळातली जर्मनची थाळी स्वतः काढून, पुसून वहिनीला दिली. त्या दिवसापासून वहिनी त्या थाळीत जेवू लागली. वेलाला आधार मिळाल्यावर तो जसा सरळ वर जातो तशी ती त्या दोन महिन्यांत सुधारली. गालावर तेज आलं, ती गुणगुणू लागली, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी देऊन वरून पुन्हा मागून खाऊ लागली. आई म्हणायची, गर्भाचं तेज हाय. ते जेवणाचं होतं.

थाळी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यावर वहिनीने मला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं, कारण तिला पाळी आली होती. आमच्याकडे त्या चार दिवसांत बाईने पडवीच्या कोपऱ्यात बसायचं, चुलीला आणि देवाला शिवायचं नाही. मला त्याच वर्षी ते सुरू झालं होतं. वहिनी गुडघाभर पाण्यात उभी होती.

"वन्सं, मला दिवस नाहीत. आत्याबाईंना एवढ्यात नका सांगू. पुढच्या महिन्यात खरंच राहतील. तोवर तेवढी थाळी राहू द्या माझ्याकडे."

ती हात जोडत नव्हती, रडत नव्हती. सरळ डोळ्यांत बघून मागत होती. मी हो म्हटलं. तिची धडुती, पाळीची फडकी, मी माझ्यात मिसळून धुतली आणि गवताच्या गंजीमागे वाळत घातली. पुढच्याही महिन्यात तसंच केलं. आमच्यात एक गुपित होतं आणि मला त्याचा गोडवा वाटत होता. पण रोज संध्याकाळी वहिनी देवापुढे दिवा लावायची, आणि त्या दिवसांतही लावायची, कारण न लावण्याचं निमित्त काय सांगणार. तिने काडी ओढली की मी तोंड फिरवायचे. मला तिच्या बोटांकडे बघवायचं नाही. भाकरी थापणारी तिची बोटं, तीच बोटं. मी तिच्या हातची भाकरी खाताना श्वास रोखू लागले. आईने मला याबद्दलही काही शिकवलं नव्हतं.

घट बसले त्या दिवशी वहिनीला तिसऱ्यांदा पाळी आलेली होती. ओढ्यावरून घटासाठी पाणी तिने आणलं. माती तिने चाळली. आईने मोठ्या कौतुकाने तिच्याच हातून धान्य पेरून घेतलं, गर्भारशीच्या हाताला गुण असतो म्हणून. मी देवघराच्या चौकटीला टेकून उभी होते.

तिसऱ्या माळेला धानाला कोंब दिसायला हवेत. दिसले नाहीत. चौथ्या माळेला आईने मातीत बोट घालून दाणा उकरला. तो काळा पडून बिलबिलीत झाला होता. त्या वर्षी पाऊस लांबला होता, भिंतींना ओल होती, घरातलं धान्य जुनं होतं, हे आज मला दिसतं. तेव्हा आईने त्या दाण्याचा वास घेतला, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "घरात कुनाचा तरी विटाळ झालाय."

मी दिवसभर काही खाल्लं नाही. पाचव्या माळेला सकाळी आई गोठ्यात एकटी शेण भरत होती. मी गेले आणि सांगितलं. भीतीपोटी सांगितलं, असं मी अनेक वर्षं स्वतःला समजावलं. देव कोपेल, दादाला काही होईल, असं. पण भीती नव्हती ती. मला वहिनीची किळस आली होती, आणि ती किळस एकटीने पोटात ठेवणं मला जड झालं होतं.

"आई, वहिनीला दिवस न्हाईत. तिला दर म्हैन्याला येतंय. घट बसलं तवाबी हुतं."

"मग ती वकली कशापायी?"

"दादाचं उष्टं खाववत न्हाई तिला."

आईच्या हातातली पाटी तशीच राहिली. गरोदरपणाचं खोटं, देवघरातला विटाळ, या कशापेक्षाही शेवटचं वाक्य तिला लागलं, हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती हात धुऊन घरात गेली. आरडाओरड नाही, शिवी नाही, मार नाही. तिने घरभर गोमूत्र शिंपडलं, घटाची माती काढून झाडाच्या बुंध्याशी टाकली, जर्मनची थाळी घासून फडताळात उपडी घातली. वहिनी चुलीपुढे होती. तिने थाळी आत जाताना पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी विळीवर वाकले.

दुपारी आबा आणि दादा जेवायला बसले. आईने आबांच्या कानाशी काय सांगायचं ते सांगितलं होतं, आणि दादालाही. दोघे खाली मान घालून जेवले. घेवड्याची भाजी, आमटी, भात. दादाने नेहमीपेक्षा जास्त ठेवलं. आमटी-भात कालवून अर्धी पितळी भरलेली. मग उठायच्या ऐवजी दोघे तिथेच बसून राहिले. बाई जेवताना पुरुषाने बघत बसायचं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. आईला नवरात्राचा कडक उपास होता. ती खांबाशी उभी राहिली. तिने वहिनीला हाक मारली आणि पितळीकडे बोट केलं.

"जेव."

वहिनी बसली. तिने घास कालवला, उचलला, आणि हात तोंडापर्यंत नेऊन थांबवला. बाहेर कुठे तरी कोंबडी कलकलत होती. मग तिने तो घास परत पितळीत ठेवला.

"आत्याबाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. "यांच्या तोंडाला घाण वास येतो. दातांतून पू येतो. तुम्हाला येत नाही का वास? मामंजी, तुम्हाला? वन्सं, तुम्हाला तर येतो."

मी आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांना येत होता. इतकी वर्षं येत होता. घरात एकच माणूस असा होता ज्याला हे नवीन होतं. दादाने माझ्याकडे बघितलं.

"शकू? खरं हाय का गं?"

मी मान खाली घातली. बोलायची गरजही नव्हती. दादाने हाताचा पंजा तोंडासमोर धरला, त्यात फुंकर मारली, हुंगलं. मग पुन्हा. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर तसा भाव मी पुढे कधी पाहिला नाही आणि पाहायचाही नाही. ज्या बंगल्यांच्या दारात बायका भांडं पुढे करून तोंड फिरवत, ज्या दोस्तांनी त्याच्या बिडीला बिडी लावायचं टाळलं, ते सगळं त्या क्षणी त्याला आठवत असणार. तो उठला, अंगणात गेला आणि घागरीतल्या पाण्याने चूळ भरत राहिला. घागर संपेपर्यंत चुळा भरत राहिला. आई मागून "किसन, आरं किसन" करत होती. वहिनी उठली, हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि ओल्या पायवाटेने लोणावळ्याच्या दिशेने निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही.

आणि मी? मी फडताळातली थाळी काढून जेवायला बसले. दोन वेळा भात घेतला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि मला सडकून भूक लागली होती. या सगळ्या हकिकतीत मला दादाच्या हिरड्यांची किळस येत नाही, आईचीही येत नाही. आमटी ओरपत बसलेल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीची येते.

दिवाळी होऊन गेली तरी वहिनी आली नाही. दादा बोलायचा बंद झाला. बोललाच तर तोंडावर उपरणं धरून. एके दिवशी रतीब घालून तो परतला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. लोणावळ्याच्या डॉक्टरकडे चार खेपा घालून त्याने सगळे दात काढून घेतले होते. पंचविसाव्या वर्षी. जखमा भरल्यावर तो कुणालाही न सांगता घोरावाडीला गेला. पुढचं वहिनीनेच कधीतरी सांगितलं: क्वार्टरच्या दारात तो अर्धा तास उभा होता, सासरे आत या म्हणत होते, आणि त्याने फक्त तोंड उघडून तिला दाखवलं. ती त्याच्याबरोबर आली. त्या दिवसापासून जेवण झालं की दादा पितळीतच हात धुवायचा, तांब्याभर पाणी ओतून. त्यात कुणी जेवूच शकणार नाही, अशी व्यवस्था करून उठायचा. याबद्दलही घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने वहिनीला थाळी दिली, जणू ती नेहमी देतच आली होती.

आई मात्र आबांच्या पितळीत जेवत राहिली. आबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने तिला ताट वाढलं, तर ती कोऱ्या ताटाकडे बघत बसली. "हितं कुटनं सुरू करायचं गं?" असं तिने विचारलं. आम्हाला वाटलं तिला भ्रम झाला. आणि मी, डी.एड. झालेली, तळेगावच्या शाळेत स्वच्छतेचे धडे शिकवणारी? लग्नानंतर पहिल्याच दिवशी नवऱ्याने ताट बाजूला सारलं तेव्हा माझा हात आपसूक त्याकडे गेला. ते कचेरीत काम करणारे, शहरी वळणाचे. "अहो, हे काय करताय? वेगळं घ्या की," ते संकोचून म्हणाले. मी हात मागे घेतला, पण त्या रात्री मला अपमान झाल्यासारखं वाटून झोप आली नाही. वासाने ओकारी येणारीही मीच, आणि ताट नाकारलं म्हणून रडणारीही मीच. आत कोण बसलं आहे, याचा मला अजून पत्ता नाही.

गेल्या महिन्यात कुरवंड्याला गेले होते. आता आमच्या खाचरांच्या जागी भिंती आहेत, भिंतींआड पोहण्याचे हौद आहेत, शनिवार-रविवारी स्पीकर घुमतात. पुतण्याने जुन्या घराशेजारी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पंचाहत्तरीची, पाठ वाकलेली, पण नजर तशीच सरळ. दादा नसलेल्या त्या घरात मला धीर आला, किंवा आता फार वेळ उरला नाही असं वाटलं. मी तिच्या बाजूला बसले आणि म्हणाले, "वहिनी, त्या नवरात्रात आईला मी सांगितलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. लसूण सोलणं थांबलं नाही. "दुसरं कुनाला म्हाईतच नव्हतं."

"इतकी वर्षं कधी बोलला नाहीत."

"तुमीबी न्हाई बोलला."

"रागावला असाल माझ्यावर."

तिने हातातली पाकळी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "राग न्हाई आला, वन्सं. राग आत्याबाईंचा आलाता, त्यो गेला बी. तुमची मला किळस आली. तुमाला सम्दं ठावं हुतं, वाससुदिक येत हुता, आन तरी."

आत कुकरची शिट्टी झाली.

"मग गेली का ती?" मी विचारलं.

खोटं बोलणं तिला एकदाच जमलं होतं, तेही एका थाळीसाठी.

"न्हाई," ती म्हणाली, "पर सवय झाली." आणि गुडघ्यावर हात टेकून उठत, भात बघायला आत गेली.